फोटोवाल्याच्या डाव्या खांद्याकडं

कमलताई सूर्यवंशी कुणाच्याही घरी गेल्या की चप्पल काढता काढताच विचारायच्या, "अल्बम कुठंय?" घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नमस्कार तेवढा आधी, बाकी चहा-पाणी सगळं नंतर. घरची बाई बिचारी लगबगीनं चिवड्याच्या ताटल्या भरायला घ्यायची आणि ताई कॉटवर मांडी ठोकून बसलेल्या. "काढा की हो. लाजायलात काय? फोटो तुमचेच आहेत ना, चोरीचे तर नाहीत!"

मी महानंदा शेटे. लातूरच्या एका मुलींच्या ज्युनियर कॉलेजात मी गणित शिकवायची आणि ताई मराठी. बावीस वर्षं आमची टेबलं शेजारी शेजारी होती. त्या माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या, म्हणून मला 'ए गणिता' म्हणायच्या. मला राग यायचा. मी एकदा सांगितलं, "ताई, मला नाव आहे." तर म्हणाल्या, "आहे की. पण महानंदा म्हणेपर्यंत तास संपतो." घ्या! अशा बाईशी कोण भांडणार?

त्या पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा मी माझ्या लग्नाचा अल्बम मोठ्या तोऱ्यात पुढं केला. आमचं डाळमिलचं घर, लग्न दणक्यात झालेलं, अल्बम दोन हातांनी उचलावा असा. मला वाटलं, शालू बघतील, दागिने बघतील. ताईंनी पदरानं हात पुसले, फोटो कडेकडेनं धरले आणि सावकाश वाचायला लागल्या. हो, वाचायलाच. त्या फोटो 'बघायच्या' नाहीत. शेवटचं पान उलटून त्यांनी विचारलं, "तुझी आई कुठंय गं ह्यात?"

मी म्हणलं, असेल की. शोधलं. सासूबाई होत्या, तिन्ही नणंदा होत्या, आचाऱ्याचा सुद्धा फोटो होता, कढईजवळ ऐटीत उभा. माझी आई एका फोटोत होती, तीही पाठमोरी. हातात पाण्याची कळशी.

"सापडली," ताई म्हणाल्या. "फोटोत नसलेलं माणूसच घर चालवत असतंय, महानंदा." माझं पूर्ण नाव त्यांनी घेतलं ते पहिल्यांदा तेव्हा. मी उठून आत गेले आणि उगीचच गॅस कमी-जास्त करत राहिले. पार लातूरभर मी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्या दिवशी मी चहा तेवढा उतू घालवला.

ताईंची शिकवायची तऱ्हाही असलीच. फोटोवरची एखादी कविता अभ्यासाला असली की पोरींना सांगायच्या, "उद्या घरातला एक फोटो आणा. फोटोत कोण आहे ते मला नको. कोण नाही ते लिहून आणा." आमचं लातूर म्हणजे क्लासेसचं गाव. इथं पोरगी अकरावीला आली की आईबाप श्वास सुद्धा वेळापत्रकानं घेतात. एक पालक तणतणत आले. "मॅडम, हे परीक्षेला येणार आहे का?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "परीक्षेला नाही येणार. पण तुमच्या पोरीनं काय लिहिलंय वाचा." त्या गृहस्थांनी उभ्या उभ्या वही वाचली. पोरीनं लिहिलं होतं, 'ह्या फोटोत माझे पप्पा नाहीत, कारण ते मला क्लासला सोडून बाहेर गाडीवर बसलेले आहेत. ते रोज तीन तास बसतात.' गृहस्थांनी वही मिटली, रुमाल काढला, आणि जाताना मला म्हणाले, "गणिताचं पण असं काही असतं का हो?" मी म्हणलं, "नसतं."

फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं लिहायची त्यांना सवय होती. नुसती नावं नाही, अख्खं वाक्य. आमच्या सहलीच्या एका फोटोमागं लिहिलेलं आहे, 'शेटे इथं हसताना दिसते, पण तिची चप्पल तुटलेली आहे.' स्टाफच्या दुसऱ्या एका फोटोमागं, 'प्राचार्य पोट आत घेऊन उभे आहेत, जास्त वेळ जमणार नाही.' आणि स्वतः ताई? प्रत्येक फोटोत त्यांचे डोळे मिटलेले. लहानपणापासून एकही फोटो असा नाही की ज्यात डोळे उघडे आहेत. फोटोवाला 'रेडी' म्हणला की ह्यांना हसू फुटायचं आणि हसल्या की डोळे गायब. ओळखपत्रावर सुद्धा तसंच. निवडणुकीच्या ड्युटीवर एका साहेबानं विचारलं, "बाई, ह्या तुम्हीच कशावरून?" तर डोळे मिटून दाखवलं त्याला.

एवढी फोटोची हौस असलेल्या ह्या बाईकडं तिच्या स्वतःच्या आईचा एकही फोटो नव्हता. एकही म्हणजे एकही. पाठमोरा सुद्धा नाही. आणि आयुष्यात त्यांना काही हवं असेल तर ते तेवढंच हवं होतं.

त्यांच्या आईला त्या माय म्हणायच्या. माय देवणीजवळच्या गावात राहायची, एक देवणी गाय आणि दोन शेळ्या सांभाळून. वडील, म्हणजे दादा, नांदेडला रेल्वेत खलाशी होते. पाच भावंडं नांदेडच्या रेल्वे क्वार्टरात वाढली. दादा रिटायर झाल्यावर दोघं गावी परतले, पुढं दादा गेले, माय एकटी राहिली. नव्वदीला टेकलेली, डोळ्यात मोतीबिंदू, तोंडात दोन दात, आणि जीभ मात्र माझ्याहून धारदार. फोटोचं नाव काढलं की म्हणायची, "मला न्हाई भितीवर जायची घाई. गाईचा काढ. ती काय भितीवर जात न्हाई."

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. माय सात-आठ वर्षांची असताना तिचे वडील वारले. गावात फोटोवाला आला तो माणूस मेल्यावर. मेलेल्या बापाला भिंतीला टेकवून बसवलं, धोतर नीट केलं, भोवती घरची माणसं उभी केली आणि फोटो काढला. लहानग्या मायला वाटलं, बाप उठून बसला. ती पळत जाऊन मांडीवर बसली. पुढचं काही ताईंनी मला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "तिच्या बापाचा पहिला फोटो तो, आन् शेवटचाही तोच. जित्तेपणी कुणी काढला नाही."

मी आपली व्यवहारी. एकदा बोलून गेले, "ताई, झोपल्यावर काढा की गुपचूप. फोन तर खिशात असतोय." बावीस वर्षांत ताई माझ्यावर एकदाच चिडल्या, ते तेव्हा. "झोपलेल्या माणसाचा? अगं, त्यालाच तर भिते ती! आणि चोरून काढलेला फोटो चोरीचाच असतोय, गणिता. आईचा फोटो चोरीचा ठेवू का मी?"

मी कान धरले.

आता ताईंच्या निरोपसमारंभाचं सांगते. ह्यात दोष सगळा माझा आहे, आधीच कबूल करते. ताई रिटायर झाल्या तेव्हा फ्लेक्स बनवायचं काम माझ्याकडं होतं. मी फ्लेक्सवाल्याला फोनवर सांगितलं, "सूर्यवंशी मॅडमचा फोटो पाठवलाय. वर मोठ्या अक्षरात 'भावपूर्ण निरोप' टाका. चांगला भावपूर्ण करा." दुकानात मशीनचा खडखडाट चाललेला. त्याला 'भावपूर्ण' तेवढं ऐकू गेलं. आणि आपल्याकडं भावपूर्ण म्हणलं की पुढं काय येतं? त्यात पाठवलेला फोटो डोळे मिटलेला! त्याच्या मनात काही शंकाच राहिली नाही.

सकाळी अकराला मी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि दारातच थांबले. स्टेजवर दहा फुटी ताई, डोळे मिटून मंद हसत, फोटोभोवती झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना समया आणि वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली 'शोकाकुल: समस्त प्राध्यापकवृंद.'

मी म्हणलं, संपलं. आता ताई आल्या की काय होणार! आणि ताई मागंच उभ्या होत्या. त्यांनी वाचलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मग त्या अशा हसायला लागल्या, अशा हसायला लागल्या की खुर्ची धरून खाली बसल्या. "अगं, शुद्धलेखन बरोबर आहे की! श्रद्धांजली लोक नेहमी चुकवतात." प्राचार्य धावत आले, त्यांचं पोट त्या दिवशी आत जाईना. ताई डोळे पुसत आमच्या शिपायाला ओरडल्या, "बाबूभाई, आधी तो फोटो काढा!"

बाबूभाई तीस वर्षांचे जुने शिपाई. सांगितलेलं काम लगेच करायचं ही त्यांची ख्याती. त्यांनी खिशातला फोन काढला, चष्मा वर सरकवला, मागं दोन पावलं गेले आणि फ्लेक्सचा झकास फोटो काढला. वर कॉलेजच्या ग्रुपवर टाकून मोकळे झाले.

"बाबूभाई, हे काय केलं?"

"आपच तो बोले, फोटो निकालो!"

त्यांचं तरी काय चुकलं? काढा म्हणजे काय काढा, हे आपल्या भाषेनं कधी सांगितलंय? दुपारी साडेबाराला ताईंचं भाषण सुरू झालं तेव्हा त्यांच्या पर्समध्ये फोन अखंड थरथरत होता. जुन्या विद्यार्थिनी रडत होत्या, उदगीरहून कुणी निघालं होतं, एकानं तर शोकसभेची वेळ विचारली. भाषण झाल्यावर ताई प्रत्येकाला तेच सांगत होत्या, "हाव, मीच बोलायले. नाही नाही, वरून नाही, लातूरहूनच."

पण एक फोन त्यांना आला नाही, कारण मायकडं फोनच नव्हता. तो फोटो फिरत फिरत गावात पोहोचला होता.

संध्याकाळी पाचच्या सुमारास आम्ही ताईंच्या घरी बसलो होतो. ताई समारंभाची शाल पांघरून झोपाळ्यावर पेढा खात होत्या. दारात काळीपिवळी जीप थांबली. त्यातून माय उतरली. अनवाणी. काठी सुद्धा घ्यायचं भान नव्हतं तिला. दारातून तिनं झोपाळ्याकडं बघितलं, डोळे बारीक करून बघितलं, मग सरळ चालत आली आणि ताईंच्या पाठीत दोन बुक्क्या घातल्या. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईच्या पाठीत! मग तिचं तोंड दोन्ही हातांत घेऊन, गालावरून, नाकावरून, कपाळावरून बोटं फिरवत राहिली. "हायीस व्हय गं कमळे. हायीस. कमळे, हायीस."

आम्ही सगळे रडलो. मी तर हमसून रडले, कारण केलं होतं मीच.

थोड्या वेळानं मायनं तीन पेढे खाल्ले, चहा घेतला आणि निकाल दिला. "मी सांगत न्हवते? फोटू भितीला लागला की मानूस गेलं. आता तर मी त्या फोनच्या म्होरं बी येनार न्हाई." ताईंनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, पण मला समजलं की एवढ्या वर्षांची त्यांची उरलीसुरली आशा माझ्या एका 'भावपूर्ण'नं खलास झाली. त्या नुसत्या म्हणाल्या, "जाऊ दे गं गणिता. पेढा खा."

माय दोन दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी ताईंनी आपला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात नांदेडचे अकरा फोटो होते. दादा दरवर्षी बुद्धपौर्णिमेला, विहारातून आल्यावर, सगळ्यांना स्टेशनजवळच्या स्टुडिओत न्यायचे. अकरा वर्षांचे अकरा फोटो. मायला काही नीट दिसत नव्हतं, म्हणून ताई एकेक फोटो वाचून दाखवत होत्या. "ह्यात दादांनी स्टुडिओचा कोट घातलाय. ह्यात थोरला रुसलाय. माय, तू ह्या वेळी कुठं होतीस गं?"

"कुठं म्हंजी? थितंच की."

"थितं कुठं?"

"फोटूवाल्याच्या मागं! तुमी समदी तोंडं पाडून बसायची, तुज्या बापाचं तोंड तर मयतीला आल्यावानी. मग मी त्याच्या डाव्या खांद्यामागं हुबी ऱ्हायची आन् पदर उलटा घिऊन नकला करायची. मग तुमी हसायची. ह्यो फोटूवाला लई भला मानूस, मला म्हनायचा, मावशी, तुमी न्हाई आल्या तर ह्यो धंदा हुयाचा न्हाई."

अकराही फोटो ताईंनी सतरंजीवर ओळीनं मांडले. मी वाकून बघितलं. खरंच होतं. अकरा फोटोंत सगळे हसत होते आणि ताईंचे मिटलेले डोळे सोडले तर सगळ्यांची नजर एकाच जागी होती, कॅमेऱ्याच्या जराशी डावीकडं, वर. ताईंनी हे फोटो हजारदा वाचले असतील. कोण नाही ते शोधायला अख्ख्या लातूरला शिकवलं होतं. आणि आपल्याच घरची नजर कुठं लागलीय ते त्यांना दिसलं नव्हतं.

आठवड्याभरात त्यांनी कविता लिहिली. जन्मभर दुसऱ्यांच्या कविता शिकवल्या, स्वतःची ही एकच. नांदेडला एका कॉलेजात कविसंमेलन होतं, तिथं वाचायची ठरली. सोबत मी. एसटीत लोहा गाव येईपर्यंत त्या पाठ करत होत्या आणि मी मोसंबी सोलत होते. म्हणलं, "ताई, यमक कुठंय?" म्हणाल्या, "घरी राहिलं."

तिथं कवी पस्तीस आणि ताईंचा नंबर एकोणतिसावा, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळेला. भाजीचा वास सुटलेला, अर्धा हॉल ताटं हातात घेऊन रांगेत. ताईंनी कागद उघडला.

डब्यात अकरा फोटो.
दादांच्या अंगात स्टुडिओचा कोट,
थोरल्याच्या पायात धाकट्याची चप्पल,
आणि मी डोळे मिटून.

अकरा फोटोंत आम्ही हसतोय.
अकरा फोटोंत बघतोय एकाच जागी,
फोटोवाल्याच्या डाव्या खांद्याकडं.

माय, तू तिथं होतीस,
डोईवर पदर उलटा घेऊन
दादांच्या घोरण्याची नक्कल करत.

लोक विचारतात, आईचा फोटो नाही का?
मी अकरा फोटो पुढं करते.
हे काय, सगळे तिचेच आहेत.
आम्ही आपले बघतोय नुसते.

रांग हलायची थांबली. वाढपी डाव हातात धरून उभा राहिला. आधी घोरण्यावर लोक हसले आणि मग माझी मोसंबीची पिशवी वाजली तर चार जणी मागं वळून बघायला लागल्या. नंतर ताईंना जेवायला मिळालं नाही. बायका घेरून उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात फोन. 'मॅडम, हे बघा, आमच्या आईचा नुसता हात आलाय.' 'मॅडम, आमची तर सावलीच आलीय.' ताई एकेकीचा फोटो वाचत होत्या, पदरानं फोनची काच पुसत होत्या. मी दोघींची ताटं धरून उभी. भाजी गार झाली, पण मला असा अभिमान वाटत होता की जशी काही कविता मीच लिहिली. दुसऱ्या दिवशी पेपरात ताईंचा फोटो आला. डोळे मिटलेले.

पुढच्या रविवारी त्या म्हणाल्या, "चल गणिता, मायला कविता ऐकवू." मी गेले. माझं एक प्रायश्चित्त बाकी होतं ना! जाताना मी मायला नवी काठी घेतली.

माय अंगणात चिंचेखाली बसली होती. ताई लुगड्याचं बोचकं सोडून तिच्यासाठी आणलेली मऊ दशमी काढत होत्या, तेवढ्यात मी गाईकडं गेले. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ती देवणी गाय, डोळे असे पाणीदार, मला राहवेना. मला सेल्फीचं वेड आहे, ते ताईंना नेहमी खटकायचं. मी गाईच्या गळ्याला गळा लावून एक सेल्फी काढली. हे एवढं लक्षात ठेवा.

ताईंनी कविता वाचली. माय मान हलवत ऐकत होती. संपल्यावर तिनं पदर डोळ्यांकडं नेला. मला वाटलं, आता रडणार. माय म्हणाली, "समदं खरं हाय. पर घोरन्याची नक्कल न्हाई. शेळीची."

"आठवलं होतं गं माय. पण कवितेत शेळी बसत नव्हती."

"बसत न्हवती म्हंजी? येवढीशी तर आस्ती शेळी!" माय कडाडली. "आन् घोरन्याची केली आस्ती तर तुजा बाप उठून गेला आस्ता की फोटूतनं. शेळीचीच हुती. दुरुस्त कर."

मी हसून हसून चिंचेच्या बुंध्याला टेकले. ताईंनी पेन काढून मुकाट्यानं 'घोरण्याची' खोडलं आणि 'शेळीची' लिहिलं. कवितेचं वजन गेलं, पण माय खूश झाली.

मग ती एकदम म्हणाली, "कमळे, तुजे डोळे का मिटल्यात गं समद्या फोटूत?"

"तूच तर हसवायचीस. मला आवरायचं नाही."

"म्हंजी माज्यामुळंच." माय जरा वेळ काठीनं माती उकरत राहिली. "मी मरायच्या आदी येकदा तरी तुजा डोळे उघडा फोटू व्हावा. गावात फोनवर दावलेला त्यो मेलेला फोटू तवापसनं माज्या डोळ्यासमोरनं जाईना. आन तो फोन हिकडं. मी काढते."

ताईंनी माझ्याकडं बघितलं. मी फोन मायच्या हातात दिला. काचेवर गोल दिसतोय तिथं अंगठा टेकवायचा, एवढं समजावलं. मायनं फोन छातीशी धरला, दोन्ही हातांनी, पूजेचं ताट धरावं तसा. ताई समोर चार हातांवर उभ्या राहिल्या.

"डोळे मिटू नगंस."

"नाही मिटत."

"हसायचं, पर मिटायचं न्हाई." आणि मग त्या नव्वदीच्या बाईनं एका हातानं डोक्यावरचा पदर उलटा केला, मान पुढं काढली, ओठ वाकडे केले आणि चिंचेखाली बसून "ब्यॅऽऽऽ" केलं. गोठ्यातली खरी शेळी ओरडून उत्तर द्यायला लागली. मायचा अंगठा काचेवर धडाधड पडत होता.

मी ताईंकडं बघत होते. पोट धरून हसत होत्या, गालावरून पाणी वाहत होतं, आणि डोळे? उघडे होते. टक्क उघडे. एवढे मोठे डोळे आहेत ताईंना हे मला बावीस वर्षांत कळलं नव्हतं.

फोन हातात घेऊन मी बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. गाईबरोबरच्या सेल्फीनंतर मी कॅमेरा फिरवलाच नव्हता! ताईंचा एकही फोटो आला नव्हता. सोळा फोटो निघालेले. पंधरांमध्ये मायचा अंगठा, चिंचेची फांदी, आभाळ. आणि एकात, जराशी तिरपी, खालून, हनुवटीपाशी अंगठ्याची कड आलेली, अख्खी माय. उलटा पदर, वाकडे ओठ, दोन दात. नजर फोनच्या वर, समोर उभ्या असलेल्या आपल्या लेकीवर लागलेली. हसतीय.

मी फोन ताईंच्या हातात दिला. ताईंनी फोटो वाचला. खूप वेळ वाचला. मी मनात म्हणलं, ताई, चोरीचा नाही हो. तिनं स्वतः काढलाय.

"आला का?" माय विचारत होती. "डोळे उघडे आले का?"

"आले गं माय," ताई म्हणाल्या. "उघडे आलेत."

"दाव."

आता काय करायचं? ताईंनी फोन तिच्या डोळ्यांपाशी नेला. मायनं मोतीबिंदूच्या डोळ्यांनी निरखून निरखून बघितलं. स्वतःचा चेहरा तिनं फोटोत कधी बघितलाच नव्हता. काचेवरून बोट फिरवत ती हळूच म्हणाली, "म्हातारी झालीस गं कमळे. पार माज्यावानी दिसायलीस."

ताईंनी तिच्या गळ्यात हात टाकले आणि दोघी हसत राहिल्या. खरं काय ते तिला कुणी सांगितलं नाही. मी सुद्धा नाही, आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

माय गेल्या उन्हाळ्यात गेली. दुपारची ज्वारी निवडत बसली होती, तशीच कलंडली. ताई आता नांदेडला लेकीजवळ असतात. मागच्या महिन्यात मी गेले होते. चप्पल काढता काढता मीच म्हणलं, "अल्बम काढा." ताई खळखळून हसल्या, आत चहा ठेवायला गेल्या.

बैठकीच्या भिंतीवर एकच फोटो होता. उलट्या पदराची माय, हनुवटीपाशी अंगठा. हार नाही, दिवा नाही. मी उचलून मागं बघितलं. शिसपेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'शेळीची नक्कल. घोरण्याची नाही.' पुन्हा होता तसा लावला. समोर वेताची एक खुर्ची होती, प्रवासानं कंबर दुखत होती, मी तिच्यात बसले न बसले तेवढ्यात ताई कपबशा घेऊन बाहेर आल्या.

"ए गणिता, तिथं नको. ती माझी जागा आहे."

मी उठले. ताई खुर्चीत बसल्या, पदर नीट केला, समोर बघितलं आणि त्यांना हसू यायला लागलं. डोळे मात्र मिटले नाहीत. मी कप हातात घेऊन तिथंच उभी होते, दोघींच्या बरोबर मध्ये.

"सरक गं जरा," ताई म्हणाल्या. "तिला मी दिसंना झाले."

मी सरकले.